पाटावरची मंगळवार पेठ

॥ श्री ॥

सोलापूर,
मंगळवार, ता. २९ सप्टेंबर १९३१

चि. प्रभा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे खुशाल. तू बार्शीला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. कुर्डुवाडीला गाडी चुकली नाही हे वाचून बरं वाटलं. महालक्ष्म्या उठायच्या आतच तू निघालीस. शाळा उघडणार म्हणालीस, म्हणून मी फार आग्रह केला नाही. तुझ्याबरोबर द्यायच्या करंज्या तशाच राहिल्या होत्या, त्या ह्यांनी संपवल्या.

लक्ष्म्यांपुढची आरास आवरली. आगगाडी ह्यांनी पुसून, चाकांना तेल देऊन खोक्यात ठेवली. पाटांवरची पेठ मी ठेवली, एकेक दुकान जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. तुझं बांगड्यांचं दुकानही नीट ठेवलंय, काळजी नको. चिकटवायच्या खळीत तू मोरचूद घातला होतास, त्यामुळे त्याला झुरळं लागायची नाहीत. माझ्या दुकानांना मात्र लागली आहेत.

आता ह्यांनी लिहायला सांगितलंय ते. इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची एक जागा रिकामी होते आहे. तू अर्ज करावास आणि आमच्याकडेच राहावंस असं ह्यांच्या मनात आहे. मलाही आनंदच आहे. फक्त सगळ्या बाजू तुला ठाऊक असाव्यात.

घर तू पाहिलंसच, दोन खोल्या आणि पडवी. चार दिवस पाहुणी म्हणून राहणं वेगळं. गिरणीचा भोंगा उजाडायच्या आत कानाशी ओरडतो, वाळत घातलेलं लुगडं धुराने काळं होतं. उन्हाळा बार्शीपेक्षा कडक, आणि तुला पित्ताचा त्रास. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. शाळाही जवळ नाही, चालत जावं लागेल. बार्शीला तुझं बस्तान बसलेलं आहे. मुली तुला ओळखतात, भगवंताचं देऊळ दोन पावलांवर, दिरांचं घर म्हणजे हक्काचं घर. ते सोडून इथे पहिल्यापासून सगळं मांडायचं. तू शहाणी आहेस, तुझं तू ठरव. अर्ज लवकर करायला हवा म्हणतात, पण अशा गोष्टी घाईने करू नयेत असं मला आपलं वाटतं.

पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे घरात गडबड आहे. शेजारची नागम्मा तुझी आठवण काढत असते. ह्यांचे आशीर्वाद.

प्रकृतीला जप.

तुझी
ताई

॥ श्री ॥

सोलापूर,
बुधवार, ता. १४ ऑक्टोबर १९३१

प्रभा,

तुझं पत्र आलं. ‘तू लिहिलेलं सगळं समजलं. मी अर्ज करत नाही. भावोजींना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका.’ बस, एवढंच. मी वाचलं आणि मला हायसं वाटलं. हे सगळ्यांत आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

ह्यांना वाचून दाखवलं. ते पडवीत बसून गाडीच्या किल्लीचा गंज काढत होते.

“तू काय लिहिलं होतंस तिला?”

“जे आहे ते. पाण्याचं, उन्हाचं, भोंग्याचं.”

“आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्या कामाचं ऐकून आपण होऊन निरोप धाडला होता, ते?”

“ते राहिलं.”

“राहिलं,” ते म्हणाले, आणि किल्ली घासत बसले. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. त्या दिवसापासून घरात आम्ही फक्त मीठ आहे का नि ताक हवं का एवढंच बोलतो. खरं म्हणजे आम्ही एरवीही तेवढंच बोलतो. फरक एवढाच की आता मला ते ऐकू येतं.

तुला त्या गाडीची गोष्ट कधी सांगितली नाही. ह्यांच्या कचेरीतला साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. बाकीचे कारकून खुर्च्या नि आरसे घेऊन आले, आणि हे हा पत्र्याचा खेळ घेऊन आले. आळीतल्या बायका मला तोंडावर विचारायच्या, “घरात पोर नाही, मग गाडी कुणासाठी?” मी म्हणायची, लक्ष्म्यांसाठी. म्हणून मग ह्यांनी पाटांवर रूळ मांडून लक्ष्म्यांभोवती गाडी फिरवली. रूळ उघडेबोडके दिसत होते, म्हणून मी साबणाच्या खोक्याचं एक वाण्याचं दुकान करून शेजारी ठेवलं. पुढच्या वर्षी हलवायाचं केलं. मग ज्वारीच्या चिपाडाचा टांगा, हलक्या भेंडाची कोरलेली माणसं, चिंध्यांचे कापडाचे गठ्ठे. अशी आमची मंगळवार पेठ झाली. आम्हा दोघांनी मिळून केलेलं या घरात तेवढंच आहे, प्रभा.

आणि यंदा तू आलीस.

माझी माणसं लहानमोठी व्हायची. फुलवाली मला आवडते, म्हणून ती टांग्याहून मोठी झाली होती. हे दर वर्षी म्हणायचे, “अगं, ही तुझी बाई उठून उभी राहिली तर इंजिन काखेत मारून घरी जाईल.” मी हसायची आणि तशीच ठेवायची. तू पहिल्याच दुपारी गाडीच्या डब्याचं दार बोटाने मोजलंस आणि म्हणालीस, “भावोजी, या दारातून जो आत शिरू शकेल, तेवढाच माणूस पेठेत हिंडायचा.” ह्यांनी तुझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाकडे, माझ्या नव्या लुगड्याकडे, माझ्याकडे त्यांनी तसं पाहिलेलं मला आठवत नाही. मग त्यांनी तुला विचारलं, “पेठेचा रस्ता स्टेशनाकडे कुठून वळवू?” आणि उत्तराची वाट पाहत थांबले. मलाही ते विचारतात. थांबत नाहीत.

माझ्या मनात संशय आला असं समजू नकोस. ह्यांचा नाही, तुझा तर नाहीच. संशय असता तर बरं होतं. रडले असते, चारचौघींना सांगितलं असतं, चौघींनी माझी बाजू घेतली असती. याला कुणाची बाजू मागू? घरातली दोन भली माणसं पाटांवर वाकून पुठ्ठा कापत हसतात, आणि मी चुलीपुढे फुंकणी हातात घेऊन जळते.

आणि ते बांगड्यांचं दुकान. कासाराने बाईचा हात पकडलाय, बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडलीय, बाईने डोळे मिटून तोंड वेडंवाकडं केलंय, आणि दुसऱ्या हाताने शेजारणीचा पदर मुठीत आवळलाय. केवढीशी ती मूठ! पंधरा वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या बांगड्या फुटल्या. त्यानंतर तू कासाराच्या पुढ्यात बसली नाहीस. मी दर सणाला बसते. पदर मीही आवळते, पण मला तो कधी दिसला नव्हता. दुकान तुझ्या हातून झालं, आणि मला वाटलं, माझं होतं ते हिने नेलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी माझ्या एकाही दुकानाकडे पाहिलं नाही. नागम्मा तर फतकल मारून बसली. “अवो बाई, ह्ये कुनी केलं? तिचं त्वांड बगा की! बांगडी चढताना आपलं हुतंय तस्संच हाय. लई झ्याक!” तू आत खिरापत वाटीत भरत होतीस. सवाष्णींत तू यायची नाहीस हे मला ठाऊक होतं. आणि मी म्हटलं, “मीच केलं. वेळ मिळेल तसं करते.”

आत वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. तू ऐकलंस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, शाळा उघडणार.

तू गेल्यावर मी एका दुपारी पुठ्ठा आणि भेंड घेऊन बसले. मलाही तसं करून पाहायचं होतं. कासार केला, बाई केली. बाईचं तोंड पुन्हा पुन्हा कोरलं. दर वेळी ती कुणीतरी समोरून हाक मारल्यासारखी पाहायची. शेवटी तिला चुलीत घातलं. भेंड पटकन जळतं.

तुझ्यावर जळायला माझ्याजवळ कारण काय, असं कुणीही म्हणेल. सगळं गाव तुझ्याकडे पाहून हळहळतं, आणि मी कपाळभर कुंकू लावून तुझा हेवा करते. हे आजचं नाही. तुझं कपाळ पुसलं तेव्हा आई तुला कुशीत घेऊन निजायची. माझा नवरा होता, घर होतं; माझ्याकडे पाहून कुणी थांबायचं कारणच नव्हतं. पुढे तू शिकलीस. स्वतःच्या पगाराचं लुगडं नेसून तू पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिलीस, तेव्हा मी तुझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. हात माझे ओवाळत होते, आणि मनात मी ते लुगडं माझ्या अंगाला लावून पाहत होते.

आणि तरी दिरांच्या घराला मी हक्काचं घर म्हटलं! आठ माणसांचा स्वयंपाक करून तू शाळेत जातेस, आणि रात्री ज्वारीच्या पोत्यांमध्ये, कोठीच्या खोलीत अंथरूण टाकतेस. मी स्वतः पाहिलंय. ते पाहून येताना आगगाडीत मी रडले होते. पत्र लिहिताना मला त्यातलं सगळं आठवत होतं, प्रभा. आठवत असूनच लिहिलं.

काल सकाळी मी नागम्माला सांगितलं की ते दुकान माझं नव्हे, माझ्या बहिणीचं. वाटलं, आता ती तोंडाला पदर लावेल. ती म्हणाली, “मला ठावं हुतं की ओ. तुमची मान्सं फोटू काडाया बसल्यावानी बसत्यात. त्या बाईची मान्सं कायतरी करत्यात.” मला इतका राग आला! आणि मग हसू आलं. दोघी हसलो. तिलाच बरोबर घेऊन मी शाळेत गेले. चपला दाराबाहेर काढल्या, मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभी राहिले आणि विचारलं. जागा अजून भरलेली नाही. त्या म्हणाल्या, दसऱ्याच्या आधी समक्ष येऊन भेटू द्या. आल्यावर ह्यांना सांगितलं. ताटावरून उठताना ते म्हणाले, “पडवीला बांबूचा तट्टा लावून घेऊ. तिला खोली होईल.”

मी बदलले असं समजून येऊ नकोस. हेवा आहे तिथेच आहे. तू आलीस की हे पुन्हा तुला काही विचारतील आणि थांबतील, आणि मी आतून भांडी आपटेन. त्या वेळी कपडे भरून बार्शीची गाडी धरू नकोस. लहानपणी पाटीवरून भांडायचीस तशी भांड. शाळेच्या बाईसारखी गप्प राहिलीस तर मला सहन व्हायचं नाही.

आणखी एक. पुढच्या वर्षी लक्ष्म्यांच्या दिवशी तू खिरापत भरायला आत बसायचं नाहीस. बाहेर, पाटांजवळ, माझ्या शेजारी बसायचंस. कुणी विचारलं कुणी केलं, तर तू सांगायचंस. जिला तुझ्या देखत कुंकू लावून घ्यायला अडचण वाटेल, तिने घरी जावं. ह्यांनाही हे सांगून ठेवलंय. सांगताना माझा आवाज बराच चढला होता.

शनिवारच्या गाडीने ये. सामान थोडंच आण, बाकीचं मागाहून. स्टेशनावर ह्यांना पाठवणार नाही. नागम्माला घेऊन टांगा करून मीच येईन. तू डब्यातून उतरलीस की पहिल्यांदा मला पाहावंस, एवढं मला हवं आहे. ते तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

ये, प्रभा.

तुझ्यावर जळणारी आणि तुझी वाट पाहणारी,
अनसूया