स्वातंत्र्यावरच्या व्याख्यानाची फेअर कॉपी

८ नोव्हेंबर १९६६, पालघर
वाचनालयात ३ डिसेंबरला माझं व्याख्यान. विषय : ‘आद्य ख्रिस्ती लोक आणि स्त्रीचं स्वातंत्र्य’. सेक्रेटरी खंडेराव विचारतो, ख्रिस्ती लोकांचं आपल्याला काय? शी! माणसं नाहीत, नुसती पोटं. उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहिणार.

९ नोव्हेंबर
साडेआठला जाग. जयवंतीने उठवलं नाही. बायको म्हणायची ही!

१४ नोव्हेंबर
सहा पानं झाली. काय माणसं ती! गुलाम-मालक, बाई-पुरुष एका पंगतीला. बापाने ठरवलेलं लग्न पोरी सरळ नाकारायच्या. देवाने मोकळं केलंय, आता आम्हाला मालक नाही, म्हणायच्या. लिहिताना डोळे भरून आले. तेवढ्यात ही विचारायला आली, आपल्या सुलूच्या नर्सिंगच्या फॉर्मवर सही कधी करताय, तीस तारीख शेवटची. चहावर साय. किळस आली. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्याला या घरात स्वातंत्र्य नाही.

१७ नोव्हेंबर
माझं अक्षर कुणाला लागत नाही. सुलूला फेअर कॉपी करायला बसवलं. तिचा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. माझी मुलगी परक्यांची बेडपॅन उचलणार? शी! तिच्यासाठी बोईसरच्या वामनरावांचा दिनानाथ ठरवलाय. तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर. त्यात सुलूला काय विचारायचं?

२० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पाहण्याचा कार्यक्रम. वामनरावांनी तीन बशा पोहे हाणले. मिशीत खोबरं. बघवेना, तरी हसत राहिलो. मग रीतीप्रमाणे म्हणाले, मुलीला काहीतरी वाचायला द्या, नजर अन् जीभ कळते. बायको पेपर आणत होती, मी अडवली. फेअर कॉपीच दिली. कळू दे, कुणाशी सोयरीक होतेय ते.

कार्टीने नेमकं चौथं पान काढलं, लग्न नाकारणाऱ्या पोरींचं. खणखणीत वाचलं. वामनराव वा म्हणाले. तिने कागद खाली ठेवले.

“मलाही हे लग्न करायचं नाही. का, ते तात्यांनी लिहिलंच आहे.”

पाहुणे चहा न घेता गेले.

२१ नोव्हेंबर
आमरण उपोषण. दुपारी सुक्या बोंबलाची चटणी होती, म्हणून सोडलं.

२९ नोव्हेंबर
शेवटची पाच पानं सुलूने अडवून ठेवलीत. आधी फॉर्मवर सही, म्हणते. स्वतःच्या बापाशी सौदा! शिसारी आली. सही केली, पण केवळ तत्त्व म्हणून.

३ डिसेंबर
सुलू काल मुंबईला मुलाखतीला गेली. फेअर कॉपी ट्रंकेत घालून घेऊन गेली. मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणे.

वामनरावांनी त्या रविवारची गोष्ट गावभर केल्यामुळे हॉल भरलेला. निम्म्या बायका. कच्चे कागद घेऊन उभा राहिलो. माझंच अक्षर मला लागेना. पाच मिनिटं घसा साफ केला. मग बायकांतून जयवंती उठली.

“मला समदं पाठ हाय. रोज तुमी मोठ्याने वाचत होते ना.”

चाळीस मिनिटं बोलली. टाळ्या. खंडेरावाने हार तिलाच घातला. किळसवाणा झेंडूचा हार.

मी घरी आलो. ती अजून हॉलवर, बायकांच्या गराड्यात. चहा हवा होता. सगळे डबे उघडून पाहिले, चहाची पूड सापडली नाही.