केसपेपरांच्या कपाटाची व्यवस्था

...दूध उतू गेले नव्हते, हे मला पक्के आठवते, कारण दूध तापेपर्यंत मी स्टोव्हपासून हललेच नाही. आधी दवाखान्याची फरशी फिनाइलने पुसून घेतली होती. बाकडी भिंतीला लावली, सुया उकळायचे भांडे चढवले, थर्मामीटर झटकून ग्लासात उभा केला. डॉक्टर आंघोळीला गेले होते. कंपाउंडर लाल औषधाच्या बाटल्यांना मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवत होते. दूध खाली उतरवून मी कालचे केसपेपर नंबराप्रमाणे लावायला घेतले, तेवढ्यात पायरीवर तेरा माणसे येऊन बसली. एकाच्याही चेहऱ्यावर दुखणे दिसेना. मी विचारले, "पेशंट कुठंय?"

"पेशंट नाही, वहिनी," त्यांतला न्हावी म्हणाला. "डॉक्टरांनाच उभं करायचंय. विधानसभेला."

ही सकाळ तेहतीस वर्षांपूर्वीची आहे. ती मला अशी ओळीने सांगता येते. यावरून मी, डॉक्टरांची बायको, आज वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, स्वतःच्या हाताने, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर मला वाटले म्हणून लिहीत आहे, असे वाचणाऱ्याने समजावे. पूर्ण नाव सहीत आहे.

मला भीती वाटते, हेही लिहिते. वकीलसाहेब म्हणाले, "भीती लिहू नका. तुमच्यावर दबाव होता, असं उद्या कोणी म्हणेल." मी म्हटले, दबाव आहे तो हे लिहू नये म्हणून आहे.

भीती कशाची, ते आधी सांगते. दवाखान्याच्या आतल्या खोलीत सहा खणांचे लोखंडी कपाट आहे. त्यात डॉक्टरांनी तपासलेल्या माणसांचे केसपेपर आहेत, सहा हजारांच्या वर. किल्ली माझ्या कनवटीला असते. माझा थोरला मुलगा या वेळी निवडणुकीला उभा राहतो आहे आणि त्याला ते कपाट पाहिजे. त्याच्यामागे त्याचे काका, म्हणजे माझे धाकटे दीर आहेत. डॉक्टरांच्या निवडणुका तेच बघत.

गेल्या रविवारी दोघे आले. थोरला म्हणाला, "आई, तू वाचून दाखवायला नाही म्हणालीस म्हणून आता अडत नाही. फोटो काढला की मशिन वाचतं. बाबांचं अक्षरसुद्धा."

"तुला कशाला हवेत ते कागद?"

"लोकांची सेवा करायला."

"सेवा करणारा दुखणं विचारतो, पोरा. चोरत नाही."

भाऊजी हसले. "वहिनी भाषण झकास करतात. दादाच्या जागी यांनाच उभं करायला हवं होतं." मग उठता उठता म्हणाले, "शनिवारी टेम्पो येईल. तोवर विचार करा. नाहीतर तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, असं आम्हाला वाटायला लागेल."

मंगळवारी भाऊजी एका तरुण डॉक्टरला चहाला घेऊन आले. तो तरुण गोड होता. "आजी, आज वार कोणता?" मी सांगितला. "शंभरातून सात वजा करत जा बरं." हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते मला माहीत होते. डॉक्टरांच्या किती कागदांवर तो मी वाचला आहे, आणि त्याखाली पुढे काय लिहिलेले असते तेही. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथवर गेले आणि पुढे एकाहत्तर म्हटले. त्याने लिहून घेतले. मी म्हटले, "तुमच्या शेजारी बसलेत त्यांचं मतांचं गणित एकदा सहा हजारांनी चुकलं होतं. त्यांना कोणी वेडं ठरवलं नाही." तो हसला, पण ते लिहून घेतले नाही.

तेव्हापासून गाडीचा हॉर्न वाजला की मी आधी कनवटीची किल्ली चाचपते. काल दवाखान्याच्या कुलपावर ओरखडे दिसले. माझ्या डोक्याविषयीचा दाखला आधी येईल की टेम्पो, एवढेच आता बघायचे. म्हणून आजच लिहिते.

कलम पहिले. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय विकू नये. थोरल्याला मी वगळत नाही. त्याला गोवर आला तेव्हा नऊ दिवस त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. ती मांडी अजून माझीच आहे.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक मुलीला. तिने कधी विचारले नाही, म्हणून. स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र आणि बाळांचा वजनकाटाही तिलाच. ती परगावच्या इस्पितळात नर्स आहे, तिच्याकडे वस्तू नुसत्या पडून राहणार नाहीत. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला. त्यांत पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या माझ्या. खोडू नयेत.

कलम तिसरे. प्रचाराचे सामान. चाळीस घडीच्या खुर्च्या शाळेला. सत्कारात मिळालेली मानचिन्हे भंगारवाल्याला, त्याने ती माझ्यादेखत दोनदा नाकारली आहेत, तरी पुन्हा विचारावे. दोन कर्णे आणि मशिनसह लाउडस्पीकर भाऊजींना. त्याच्याशिवाय त्यांचे कोणी ऐकेल असे वाटत नाही.

त्या लाउडस्पीकरवरची डॉक्टरांची पहिली सभा मी ऐकली होती. समोरचा उमेदवार गावोगाव सांगत होता, "हे निवडून आले तर तुमचा ताप कोण बघणार?" डॉक्टर म्हणाले, "तापाला कंपाउंडर आहेत. ताप देणाऱ्यांकडे बघायला मी जातो." त्यांना मते मागता येत नसत. हात जोडायचे सोडून समोरच्याची नाडीच धरत. एका म्हातारीला प्रचारातून उठवून थेट इस्पितळात नेले आणि त्या दिवसाच्या तीन सभा बुडाल्या. तरी निवडून आले. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्या वेळी गावात कावीळ पसरली होती आणि ते अधिवेशनात होते. लोकांनी त्यांना पाडले. नळावर एक बाई माझा हात धरून म्हणाली, "राग मानू नका वहिनी, आम्ही डॉक्टरांना पाडलं नाही, माघारी बोलावलं." मला ते खरे वाटले. डॉक्टरांना वाटले नाही. चौथ्या निवडणुकीला ते गप्प होते आणि बोलायचे काम भाऊजींनी घेतले होते.

कलम चौथे. दवाखान्याच्या दोन्ही खोल्या कंपाउंडरांना, ते असेपर्यंत. नंतर मुलांना. कंपाउंडरांना साक्षीदार घ्यायचे माझ्या मनात होते, पण ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष चालत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. बरेच झाले. साक्षीला बसले असते तर त्यांच्यासमोर पुढचे लिहिता आले नसते.

मी चौथीत शाळा सोडली. सतराव्या वर्षी या घरात आले आणि वाचायला पुन्हा शिकले ते केसपेपरांवर. डॉक्टरांचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते दोघांनाच लागे, कंपाउंडरांना आणि मला. नंतर शाळेच्या मुख्याध्यापिका मला वाचनालयातली पुस्तके घरी नेऊ देत. सगळे गाव त्यांना मोठ्या बाई म्हणते. पुस्तक परत करताना त्या विचारत, "कुठं अडलं?" मला तसे विचारणारे दुसरे कोणी नव्हते.

चौथ्या निवडणुकीत डॉक्टरांसमोर मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

भाऊजी वही घेऊन दुपारी दवाखान्यात आले. "वहिनी, कुठल्या घरात काय दुखणं, तेवढं वाचून दाखवा. दारात गेल्यावर दादानं नाव घेऊन विचारलं, 'दमा कसा आहे?' की माणूस पाघळतो. यात वाईट काय?" मला वाईट वाटले नाही. शाळा सुटलेल्या बाईला कोणी समोर बसवून "वाचा" म्हणते, याचे मला अप्रूप वाटले. खोटे कशाला लिहू? अकरा दुपारी मी वाचत होते. सातव्या दुपारी नंबर १८४२ आला. मोठ्या बाई, फिट येतात, चौदा वर्षे रोज गोळी, शाळेत कोणाला माहीत नाही, माहीत होऊ नये अशी विनंती. हे सगळे मी वाचले. थांबले नाही. गोळीचे नाव भाऊजींना लिहिता येईना, ते अक्षर अक्षर फोडून सांगितले.

चार दिवसांनी पत्रक निघाले. "वर्गात कोसळणाऱ्या हातांत मतदारसंघ देणार का?"

डॉक्टर ते पत्रक घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझं अक्षर कोणी वाचलं?"

मी म्हटले, "मला काय ठाऊक?"

दोघांतून एक वजा केला की दुसरा उरतो. तेव्हा माझी वजाबाकी चुकली नाही. डॉक्टरांनी कंपाउंडरांना बोलावून सांगितले, "उद्यापासून येऊ नकोस." सव्वीस वर्षे ते आमच्याकडे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले. आजवर त्यांनी कोणापाशी तोंड उघडलेले नाही. रस्त्यात भेटले तर "बरं आहे ना, वहिनी?" एवढे विचारतात. त्या प्रश्नाला मी अठरा वर्षे घाबरते आहे.

डॉक्टर थोड्या मतांनी निवडून आले. मिरवणुकीला गेले नाहीत. ताप आहे म्हणाले, पण नव्हता. शाळेच्या समितीने मोठ्या बाईंकडे प्रकृतीचा दाखला मागितला. त्या तो मागायला कोणाकडेच गेल्या नाहीत, राजीनामा देऊन घरी बसल्या. मला परवा चहाच्या टेबलावर ते कळले, दाखला मागतात म्हणजे काय करतात ते. तिसऱ्या वर्षी डॉक्टर दवाखान्याच्या खुर्चीतच गेले. मी त्यांना खरे सांगणार होते. रोज उद्या सांगणार होते. त्यांच्या जाण्याचे दुःख मला पेलता येते, पंधरा वर्षांत त्याचे वजन ओळखीचे झाले आहे. हे दुसरे पेलत नाही.

थोरला म्हणतो, कागद जुने झाले, त्यात काय उरलंय! दुखणी जुनी होतात, लाज जुनी होत नाही. त्या कपाटात कोणाचे पाडलेले मूल आहे, कोणाच्या नवऱ्याने मोडलेला हात आहे, कोणाचा क्षय आहे. त्यांची नातवंडे आता मतदार आहेत. डॉक्टरांचे अक्षर दुसऱ्या कोणाला न लागणे हेच इतके दिवस त्याचे कुलूप होते. आता तेही राहिले नाही.

कलम पाचवे. त्या कपाटातले कागद मी घरातल्या कोणालाही देत नाही. माझ्या पश्चात मुलीने आणि कंपाउंडरांनी मिळून ज्याचा कागद त्याला द्यावा. माणूस नसेल तर कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करावा. मुलाला किंवा भाऊजींना एकही दाखवू नये. रिकामे कपाट मात्र मुलाला घेऊ द्यावे.

हे कलम वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर तोंड उघडतं. तोवर मुकं असतं. आणि शनिवार परवावर आलाय."

"मग मी काय करू?"

"किल्ली कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग मला कशाला विचारता?" असे म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि पुढचे कलम विचारले.

कलम सहावे. माझ्या अंत्ययात्रेत पक्षाचा झेंडा नको, पुढाऱ्यांची भाषणे नकोत. डॉक्टरांच्या शोकसभेत भाऊजींनी सभासद नोंदणीचे फॉर्म वाटले होते, ते मी विसरलेले नाही. मुलाने खांदा द्यावा. त्या वेळी त्याच्याबरोबर फोटो काढणारा नसावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. याआधी मी दुसरे कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे माझ्या डोक्याविषयी कोणी दाखला आणलाच, तर त्यावरची तारीख आणि खालची तारीख शेजारी ठेवून बघावी.

मी सही करताना दोघे साक्षीदार समोर होते आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. सही वाचता येईल अशी करा, अशी मी त्यांना विनंती केली.

साक्षीदार पहिले: समोरच्या दुकानातले घड्याळजी. सही.
साक्षीदार दुसऱ्या: शेजारीण, पोस्टातून निवृत्त. सही.
लिहून देणार: डॉक्टरांची बायको. सही.
ठिकाण: राहत्या घरातले जेवणाचे टेबल.
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, सकाळी अकरा.

पुरवणी. दिनांक १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. साक्षीदार तेच दोघे, सह्या मागल्या बाजूस.

कालच्या मृत्युपत्रातले कलम पाचवे रद्द समजावे, कारण त्यातले कागद उरलेले नाहीत; रिकामे कपाट मुलाला. बाकीची कलमे कायम.

सकाळी आठला मी कंपाउंडरांच्या घरी जाऊन त्यांना दवाखान्यात घेऊन आले. वाटेत मी फक्त कपाटाचे सांगितले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून कागदावरची नावे मी वाचली आणि ज्याचा कागद त्याने न्यावा म्हणून पायरीवरून हाका त्यांनी मारल्या. दहापर्यंत बातमी गावभर झाली आणि रांग घड्याळजींच्या दुकानापलीकडे गेली. दुपारी भाऊजी आले. रांगेत मतदार आहेत हे बघून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि फाटकातूनच परत गेले. ज्यांचे कोणी आले नाही ते कागद आम्ही मागच्या हौदात भिजवले आणि पायांनी तुडवले.

पाच वाजता नंबर १८४२ घेऊन मी मोठ्या बाईंच्या घरी गेले. कंपाउंडर माझ्याबरोबर होते. दार बाईंनीच उघडले. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सांगितले, की हा मी वाचून दाखवला होता, यांनी नाही.