विहिरीच्या पाण्याची बाटली

गारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

गावी आबांना एकदाचा फोन केला. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आलाय, त्यात शिसं निघालंय, पिऊ नका, असं सांगितलं. म्हणाले, "वास नाय, चव बी गोडच हाय की."

दोन उन्हाळ्यांमागं तलाव आटला तेव्हा गाळ आणून रानात टाका, असा हट्ट मीच धरला होता. त्या तलावात कारखान्यांचा नाला येतो हे मला ठाऊक होतं. तरी का बोलले मी? काळाभोर गाळ बघून आबा लई खूश झाले होते. यंदा एका रात्रीच्या पावसानं बांध फुटला आणि तोच गाळ वाहत विहिरीत उतरला.

बाटली अजून ओट्यावर आहे. इथल्या शहरातल्या पाण्याचा चहा मला आवडत नाही, म्हणून आबा दरवेळी गावाहून विहिरीचं पाणी भरून देतात. अर्धी संपलीय.

फोनवर त्यांनी रिपोर्ट मला पुन्हा एकदा वाचायला लावला. वाटलं, आता गाळाचं काढतील. तर विचारलं, "तुला बाटली दिली व्हती, त्यातलं पाणी पेलीस का गं?"

"नाही आबा, उघडलीच नाही अजून."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि सुटल्यासारखे हसले.