हसणं मना आहे

४ फेब्रुवारी

चि. मनीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे बाईसाहेब फुगलेल्या दिसतात! शेवटच्या पत्रात भट्टीच्या धुराचं एवढं रडगाणं होतं, की वाचताना मलाच ठसका लागला. अगं, होते सवय. आता भाचीसाठी एक गंमत. परवा मी एका गिऱ्हाइकाच्या विजारीला दोन्ही पाय डावेच जोडले. बिचारा दुकानातून गोल गोल फिरतच बाहेर पडला! ठमीला मोठ्यानं वाचून दाखव. दाजींना नमस्कार.

तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

दाखवलं वाचून. ठमी पोट धरून हसली. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. पोरीचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आणि ती जरा सावरताच मी तिच्या पाठीत धपाटा घातला. कशाला हसलीस म्हणून! दादा, हसली म्हणून मारलं मी पोटच्या पोरीला.

डॉक्टर म्हणतात, तिला पळू देऊ नका, हसवू नका. म्हणजे पोरीनं तोंड दाबून बसायचं आणि भिंतीपलीकडे ती मेली भंगाराची भट्टी खुशाल धूर ओकणार! मुकादम सांगतो, खिडक्या लावून घ्या. आधी तुझं तोंड लाव, म्हटलं मी त्याला. तर ह्यांनी मलाच दटावलं. ह्यांची नोकरी तिथलीच ना! भट्टीवर ओरडता येत नाही, म्हणून आम्ही घरात एकमेकांवर खेकसतो.

सवय झालीय, चिडायची. यापुढे पत्रात गमती लिहू नकोस. सांगायच्याच असतील तर पोरीला तुझ्याकडे ने आणि तिथे सांग.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

मनी

२ मार्च

चि. मनीस, आशीर्वाद. आणि माफ कर.

इथे आणल्यापासून ठमीचा खोकला निम्म्यावर आलाय. काल जेवताना तुझ्या वहिनीनं माझी टर उडवली, सगळं घर हसलं. ठमीनं मात्र दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हस गं, म्हटलं, इथे कोण रागावतंय? मग हसली, अगदी खळखळून. त्या भट्टीच्या रागानं माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. रविवारी येतोय. त्या मुकादमाला आपण दोघं मिळून विचारू. दाजींची नोकरी गेली तर जाऊ दे खड्ड्यात, माझ्या दुकानात दुसरं मशीन रिकामंच आहे.

हे लिहितोय तर ठमी शेजारी येऊन उभी राहिलीय. म्हणते, मामा, मी हसले ते आईला कळवू नकोस.

लोभ होताच, आता रागातही तुझ्या जोडीला,

दादा