मुकादमाच्या बाजूने

६ फेब्रुवारी

लिहायला बसले ती एका बोक्यामुळे. मुलगा म्हणाला, "आई, वर्ष झालं तुझं नाक चोंदलेलंय, ते त्या मांजरामुळेच. महिनाअखेर त्याला एका गोदामात सोडतो. मालकाशी बोललोय." मी म्हटलं, आधी डॉक्टरला विचारू.

नाकाच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, "असेलही मांजरामुळे. पण नुसत्या अंदाजाने कोणाला घराबाहेर काढू नका. नाक कधी बंद, कधी मोकळं, तेव्हा कुठे होतात, काय घेतलं, सगळं रोज लिहा."

बोका माझा नाही. लेकीचा. नावही तिनेच ठेवलेलं— मुकादम. स्वतः काडी हलवायची नाही, सगळ्यांच्या कामावर नजर! वर्षापूर्वी ती गेली आणि आठवड्याच्या आत जावयांनी त्याला टोपलीत घालून इथे आणून ठेवलं. "आई, मला बघवत नाही." बघवत नाही! मला बघवतं का, हे नाही विचारलं.

तो गोदामात जाणार नाही. एवढंच.

८ फेब्रुवारी

उठले तेव्हा दोन्ही नाकपुड्या बंद. थेंब टाकले, मोकळ्या. दुपारी दुकानात पुन्हा बंद. पुन्हा थेंब.

दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे आणि आपलं नाक हे असं! एका बाईंच्या कानामागची काडी वाकवत होते, तर नाकातलं पाणी टपकन काउंटरवर. रुमाल त्यांनीच पुढे केला. काचा घासणारे आमचे कारागीर आतून म्हणतात, "बाई, तुम्ही मशीनवर बसा, मी गिऱ्हाईक बघतो. इथल्या आवाजात शिंका ऐकू येत नाहीत." शहाणे!

नोंद: दुकानात मांजर नाही. नाक तरी बंद.

११ फेब्रुवारी

मुद्दाम मुलाकडे राहायला आले. सुनेचं घर आरशासारखं. मांजर नाही, धूळ नाही. नाक बंदच. मुलगा म्हणतो, "त्याचे केस तुझ्या कपड्यांना चिकटून येतात." याने वकील व्हायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

घरी परत. जावयांचा फोन, दर रविवारसारखा. तब्येत, दुकान. मग— "आई, फोन जरा मुकादमाच्या कानाशी धराल?"

धरला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. बोक्याने कान झटकला आणि झोपला. चाळिशीचा इंजिनिअर माणूस! सोडून जाताना नव्हतं आठवलं? फोन ठेवला. जरा आदळलाच.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी ही पानं वाचली. "हे थेंब रोज टाकता?" रोज. "कधीपासून?" म्हटलं, झालं असेल वर्ष. त्यात काय! औषधाच्या दुकानात मागितले की मिळतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे चार-पाच दिवसांच्या वर टाकायचेच नसतात. टाकले की नाकातली सूज उतरते, असर गेला की जास्तच चढते. मग पुन्हा थेंब. तुमचं नाक आता या थेंबांनीच बंद होतंय."

मांजराच्या ॲलर्जीचीही चाचणी केली, माझ्या हातावर टोचून. पुळी उठली नाही.

सुटला मुकादम!

आता उपाय. थेंब आधी उजव्या नाकपुडीत बंद करायचे. ती मोकळी झाली की डावीत. रोज दुसरा फवारा— मान किंचित खाली, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने, आणि जोरात ओढायचा नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, पाणी उकळून कोमट केलेलंच. "लगेच गुण येणार नाही. चिडू नका." मी चिडते हे त्यांना कोणी सांगितलं?

१७ फेब्रुवारी

"कधीपासून" याचं उत्तर मला नेमकं ठाऊक होतं. तिथे दिलं नाही. इथे देते.

लेकीला पोचवून आलो त्या दिवसापासून. घर माणसांनी भरलेलं. मी कोणासमोर रडले नाही. न्हाणीघरात गेले, नळ सोडला. बाहेर आले तर आवाज नाकातून. "सर्दी झालीय," म्हटलं आणि थेंब मागवले. सर्वांना खरं वाटलं.

मग रोजच सर्दी.

२१ फेब्रुवारी

उजवी नाकपुडी लिंपून टाकल्यासारखी. पाठीशी उशा लावून बसूनच झोपते. तोंड कोरडं. आज थेंबांची बाटली हातात घेतली होती. मुकादम समोर बसून बघत होता. ठेवून दिली.

२७ फेब्रुवारी

उजवीतून हवा! सुईच्या टोकाएवढी. पण हवा! आता डावीची पाळी.

१० मार्च

दोन्ही मोकळ्या. आपण श्वास घेतो हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. आज येतंय.

मुलगा-सून आले होते. मुलाने बोक्याचे पाय धरले. "चुकलो, मुकादमसाहेब!" सून हसली. मीही हसले, आणि मग लेकीने हे बघायला हवं होतं असं वाटून आत गेले.

त्या दिवशी मी दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रडलात तर नाक वाहणारच. डोळ्यांतलं पाणी नाकातच उतरतं. तो आजार नाही. त्यावर थेंब टाकू नका." मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

आज न्हाणीघरात गेले नाही. नळ सोडला नाही. मुकादमाला मांडीवर घेऊन तिथेच, पलंगावर. त्याची पाठ भिजली. हलला नाही.

याला आता माझ्याकडून कोणी नेत नाही.

१२ मार्च, रविवार

फोन वाजला. आज मीच म्हटलं, "देऊ का कानाशी?"

जावई म्हणाले, "आई, घरात कसला आवाजच नाही हो. माझ्याच हातून वाटी पडली तरी दचकतो."

आवाज नाकातून येत होता. वर्षभर दर रविवारी तसाच यायचा. मी ऐकत होते आणि फोन आदळत होते.

"सर्दी झालीय का?" मी विचारलं.

"हो. जातच नाही कितीतरी दिवस. थेंब टाकतो ना."

१९ मार्च

मुकादमाला आज जावयांच्या हवाली केलं. सोबत त्याची टोपली, वाडगा आणि लेकीची एक शाल. त्यांच्या खिशातली थेंबांची बाटली मी काढून घेतली.