तिसऱ्या सिलिंडरचे अकरा आकडे

डिलिंगहॅम, अलास्का
मंगळवार, ८ सप्टेंबर १९९८
दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

प्रिय सोल्वेगताई,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र काल आले. मासे धुरवायच्या खोपटात मी सामनच्या पट्ट्या उलटत होतो. आत्ताही तिथेच, दाराशी, पालथ्या बादलीवर बसून लिहितो आहे. आत ऐंशी अंश फॅरनहाइट आहे. त्यापेक्षा जास्त झाले तर मासा शिजून गळून पडतो, म्हणून दर अर्ध्या तासाने बघतो. तुझा वाटा वेगळा बांधला आहे. बाबांच्या खोलीचा उंबरठा काढून टाकला. दरवाजा बत्तीस इंच, चाकांची खुर्ची साडेसव्वीस. दोनदा मोजले.

वही जाळली का, असे तू विचारलेस. नाही जाळली.

तू लिहितेस, गुरुवारी विमान अपघाताचा तपासणीस येईल तेव्हा मी एवढेच सांगायचे, की इंजिन अचानक फुटले, आधी काही चिन्ह नव्हते. बाबांनीही तसेच सांगितले आहे, आणि वासिलीकाकांनी सिलिंडर नीट बसवला नव्हता हेही. "वासिली सत्तरीचा झाला, मेकॅनिकचे लायसन गेले तर त्याचे असे काय बिघडणार," हे तुझे वाक्य मी तीनदा वाचले. त्या लायसनवर त्यांच्या घरात सात माणसे जेवतात.

विमानाचे तुला पहिल्यापासून वावडे, म्हणून सोपे करून सांगतो. लाल मूठ बाहेर ओढली की इंजिनाला पेट्रोल कमी मिळते. पेट्रोल वाचते, पण भरल्या वजनाने वर चढताना तसे केले तर सिलिंडर तापतात. मूठ आत ढकलली की निवतात. हात लांब करायचा अवकाश.

बाबा ही मूठ कानाने लावत. इंजिन खरखरेपर्यंत ओढायची, मग जराशी आत. तीस वर्षे त्यांचा कान चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी कानच गेले. फोनवर ते ओरडतात ते लाइन खराब असते म्हणून नव्हे. डॉक्टरांना कळले तर उडणे बंद, म्हणून कोणाला सांगायचे नव्हते. तुलासुद्धा.

मी मासेमारीच्या पैशांतून सहाही सिलिंडरांचे तापमान दाखवणारी पेटी बसवून घेतली; आकडा चारशेच्या वर गेला की मूठ आत ढकलायची. बाबा तिला डबडे म्हणत आणि मला मास्तर. नववीत शाळा सोडलेला मास्तर. गेल्या वर्षी जूनमध्ये विमानातल्या एका गिऱ्हाइकासमोर मी त्यांच्या कानाशी "बाबा, चारशे तीस" एवढेच ओरडलो. त्यांनी पुढच्या वाळूच्या पट्टीवर विमान उतरवले. "उतर, मास्तर. इथे डासांना पाढे शिकव." न्यायला आले ते एकतीस तासांनी. "पुन्हा आकडा बोललास तर हिवाळ्यात उतरवीन," म्हणाले.

तेव्हापासून मी बोलत नव्हतो. वहीत लिहीत होतो.

सतरा ऑगस्टला नदीच्या वरच्या गावाला किराणा घेऊन निघालो. जमीन सोडल्या सोडल्या त्यांनी मूठ ओढली. मी दर मिनिटाला तिसऱ्या सिलिंडरचा आकडा उतरवला. ३८५, ३९२, ४०१, ४१२, ४२६, ४४०, ४५५, ४७१, ४८८, ५०३, ५१९. पाचव्या मिनिटाला इंजिन खरखरू लागले, सीट थरथरू लागली. बाबा म्हणाले, "हवा खराब आहे." खाली तळ्याच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. अकराव्या आकड्यानंतर पिस्टन फुटला, काच तेलाने काळी झाली आणि आम्ही झुडपांत पडलो. मला खरचटले. बाबांचे दोन्ही पाय गेले.

एवढे तुला मागच्या पत्रात लिहिले होते. हे लिहिले नव्हते.

सातव्या मिनिटाला बाबा माझ्याकडे वळले. "मास्तर, काय म्हणतंय तुझं डबडं?" चेष्टा नव्हती. कपाळावर घाम होता. असे त्यांनी मला जन्मात पहिल्यांदा विचारले. त्या खरखरीत ओरडलेलेही त्यांना ऐकू आले नसते, म्हणून मी अंगठा वर केला. सगळे ठीक. ते समोर बघू लागले.

भीतीने केला, असे मी तीन आठवडे स्वतःला सांगत होतो. ते खरे नाही. मला पाचशेचा आकडा बघायचा होता. आपण चुकलो हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, ते बघायचे होते. बघितला.

इस्पितळात तू कॉफी आणायला खाली गेलीस, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले. "अंगठा वर केला होतास ना रे?" मी मान हलवली. ते हसले. "वासिलीवर ढकललंय मी. आता तू कुठं जातोस? खुर्ची ढकलायची, मी मरेपर्यंत. आणि तोंड बंद. त्याची तुला सवय आहेच." तू आलीस आणि म्हणालीस, बाबा आज किती खुशीत आहेत.

काल वही वासिलीकाकांकडे नेली. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचली. "दहा आकडे छापल्यासारखे आहेत. सातवाच का वाकडा?"

मी सांगितले. त्यांनी वही मिटली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "तपासणीसाला तूच दे. मी दिली तर म्हणेल, म्हाताऱ्यानं लिहून घेतली."

त्यांच्या नातीने विचारले, "आजोबा, ह्याला चहा देऊ?"

"नको. निघालाय तो."

गुरुवारी वही देणार आहे, आणि सातव्या आकड्याचे तोंडाने सांगणार आहे. बाबांच्या कानांचेही. त्यानंतर मला इथे ठेवतील की पकडून नेतील, माहीत नाही. बाबांना हे आधी तू सांग, मोठ्याने सांग. शनिवारी त्यांना इस्पितळातून घेऊन येशील तेव्हा खुर्ची कोण ढकलणार ते तुझे तू ठरव. दाराचे माप वर दिले आहे.

ज्याने अंगठा वर केला तो तुझा भाऊ,
आर्ने

ता. क. हिशेब राहिला.
वहीच्या पानांच्या दोन प्रती, एक तुला सोबत : ५० सेंट.
तिकीट : ३२ सेंट.
वासिलीकाकांची जुलैची मजुरी, बाबांनी न दिलेली : ३८० डॉलर. पैकी ६० काल मी दिले. त्यांनी मोजून घेतले. बाकी ३२०.
मूठ ओढून अकरा मिनिटांत वाचलेले पेट्रोल, अर्धा गॅलन. जमा : दीड डॉलर.