शेगडीचं डावं बटण

मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे.

मी, फ्रेमवाल्यांची विधवा, धंदा चौकटीत खोल्या बसवण्याचा, हा कागद माझ्याच हाताने, माझ्याच कामाच्या टेबलावर लिहिते आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. असल्या कागदांत हे वाक्य रिवाज म्हणून घालतात, मी मात्र रिवाज म्हणून घातलेलं नाही. माझी बुद्धी जागेवर नसल्याचं डॉक्टरांकडून लिहून घेण्याची खटपट माझ्या चिरंजीवांनी केली आणि ती थोडक्यात फसली. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम पहिले. माझी हत्यारं, म्हणजे चिमटे, कानशी, बारीक करवत, भिंगाचा दिवा आणि रंगांच्या सगळ्या बाटल्या सूनबाईला द्याव्यात. लाल मुठीचा चिमटा तिने कोणालाही उसना देऊ नये. मी एकदा दिला होता, तो वाकून परत आला.

कोर्टातल्या माणसाला माझा धंदा कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमचे हे तसबिरींना फ्रेमा करायचे. त्यांच्या दुकानात उरलेल्या पट्ट्यांपासून मी वीतभर खोल चौकटी केल्या आणि त्यांत खोल्या बसवू लागले. समोर काच आणि आत पूर्ण खोली: फरशी, मोरी, खुंटीवरचा ओला टॉवेल, सगळं मापात. माणूस कधीच घालत नाही. कोणीतरी आत्ताच उठून गेलं असं वाटलं पाहिजे. लोक आपल्या मोडायला निघालेल्या घरांच्या खोल्या माझ्याकडून करून घेतात आणि काचेला नाक लावून रडतात.

कलम दुसरे. माझ्या नणंदेने या कामाला जन्मभर "बाहुल्यांचा खेळ" म्हटलं. तिला तिच्याच बैठकीच्या खोलीची फ्रेम द्यावी. पंख्यावरची धूळ मी मुद्दाम घातली आहे. ती पुसता येणार नाही, काच पक्की आहे.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक दवाखाना आणि माझं शेवटचं उरकून जी राहील ती सूनबाई आणि चिरंजीव यांनी निम्मी निम्मी घ्यावी. तिच्यावरून भांडण होण्याइतकी ती नाही.

कलम चौथे. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने जांभई देऊ नये.

चिरंजीवांनी संसार अर्ध्यावर सोडला आणि वेगळी खोली घेतली. सूनबाई माझ्याजवळ राहिली. मी ठेवून घेतलं नाही, ती राहिली, आणि माझ्या हाताखाली शिकून आता माझ्यापेक्षा बारीक काम करते. चिरंजीवांना हे घर विकायचं आहे. मी नाही म्हटलं. सूनबाईने जायचं कुठे, असं विचारलं, तर म्हणाला, "तिचं तिला बघू दे ना आई, तू कशाला उरावर घेतेस?"

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी आडवी झाले होते. डोळा लागला. जाग आली ती आरड्याओरड्याने. खिडक्या सताड उघड्या, आणि चिरंजीव माझ्या उशाशी उभा.

"आई, गॅस चालू ठेवून झोपलीस! डावीकडचं बटण पूर्ण उघडं होतं. मी आलो नसतो तर?"

मला वास आला नाही. पण वास गेला असेल, खिडक्या उघड्या होत्या. मी शेगडीला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचीच भीती वाटली. या वयात बायका असंच विसरतात, त्यांच्यातलीच मी एक, असं मला वाटलं. त्याचं ऐकून मी त्याचे हात धरून रडले. हे लिहिताना मला स्वतःचीच कीव येते.

दुसऱ्याच दिवशी तो मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी तारीख विचारली. मला सांगता आली नाही. तो शेजारी बसून मान हलवत होता. "डावं बटण मी स्वतः बंद केलं, डॉक्टर. आईला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे पुढचं मला बघता येईल." बाईंनी लगेच लिहिलं नाही. परत एकदा बघते म्हणाल्या. तेवढ्यावर मी आज हे लिहू शकते आहे.

घरी आल्यावर मी कामाच्या टेबलाकडे फिरकले नाही, स्वयंपाकघराकडेही नाही. हातात पातं घ्यायची भीती वाटायची. चहासुद्धा सूनबाई करायची. काय झालं ते मी तिच्याशी बोलले नाही, लाज वाटली. मला वाईट वाटेल म्हणून तीही बोलली नाही. गॅस राहिला होता एवढंच तिला माहीत होतं.

मग एक दिवस काचवाले घरी आले. माझ्या शेवटच्या फ्रेमची काच त्यांच्याकडे कापायला दिली होती. ही फ्रेम आमच्याच स्वयंपाकघराची. पाणी प्यायला ते आत गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो वहिनी, बटण अजून बसवलं नाहीत? उघडी दांडीच दिसतेय!"

मी आत जाऊन बघितलं. शेगडीला डावीकडे बटण नव्हतं. नुसती लोखंडी दांडी. पक्कड लावल्याशिवाय ती कोणाच्या बापाला फिरवता आली नसती.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. काचेमागे रंग बदलतो. काळा करडा दिसतो, पांढरा हिरवट मारतो. म्हणून नकली वस्तूला रंग देण्याआधी खरी वस्तू काचवाल्यांच्या दुकानात न्यायची, त्याच काचेच्या तुकड्यामागे धरायची आणि मग रंग कालवायचा. त्या दुपारी मी झोपल्यावर सूनबाईने शेगडीचं डावं बटण उपटलं, पर्समध्ये टाकलं आणि ती काचवाल्यांकडे गेली. आणल्यावर रंग जुळेपर्यंत म्हणून ते कामाच्या टेबलावरच राहिलं.

"तेव्हाच मी हिला म्हटलं," काचवाले सांगत होते, "सासूला आज चहा नाही वाटतं? आणि हिला चांगला तासभर बसवलं, दुकानात गर्दी होती. गल्लीतून तुमचे चिरंजीव स्कूटरवर तुमच्या घराकडे गेले तेव्हा बटण माझ्या गल्ल्यावरच होतं."

सूनबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी यांनी कुठलं बटण म्हटलं होतं?"

मी तिला सांगितलं. काचवाल्यांनी पेला खाली ठेवला आणि ते माझ्याकडे बघेनात.

माझं डोकं ठिकाणावर आहे हे मला ज्या क्षणी कळलं, त्याच क्षणी माझा मुलगा खोटं बोलला हेही कळलं. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि तेवढंच दुःखही झालं. यातलं आधी काय झालं ते मला विचारू नये. ज्या बटणाचं नाव घेऊन त्याने मला वेडी ठरवलं, त्याच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नव्हतं. उजवीकडे दुधाचं पातेलं होतं, म्हणून डावं म्हणाला असेल. बघणाऱ्या आईच्या पोटी न बघणारा पोरगा आला, याचं मला गॅसपेक्षाही जास्त वाईट वाटतं.

कलम पाचवे. ती स्वयंपाकघराची फ्रेम चिरंजीवांना द्यावी. तीत शेगडीला डावं बटण नाही, कारण त्या दुपारी ते नव्हतं. त्याने ती विकावी, माळ्यावर टाकावी, काय वाटेल ते करावं. मात्र देताना सूनबाईने त्याला फ्रेमकडे निदान एकदा नीट बघायला लावावं.

कलम सहावे. घराबद्दल. घर माझ्या कमाईचं, माझ्या एकटीच्या नावावर होतं. होतं म्हणते, कारण डॉक्टरीणबाईंना बटणाचं सगळं सांगितलं आणि आज सकाळी त्यांना बरोबर घेऊन मी नोंदणी कचेरीत गेले आणि घर सूनबाईला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. माझा जीव असेपर्यंत मी इथेच राहीन, एवढीच अट. सूनबाई आधी नको म्हणत होती.

"आई, लोक म्हणतील सासूला फितवलं."

"म्हणू देत. लोकांना काय भाड्याने द्यायचंय का आपल्याला?"

मृत्युपत्रात घर ठेवलं असतं तर मी मरेपर्यंत त्याच्यावर कोणाचा तरी डोळा राहिला असता. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पोटच्या पोराची भीती वाटते, हे लिहायला जड जातं, पण ते खरं आहे. आता तो पुढे काय करेल, या विचाराने मी रोज दाराची कडी दोनदा बघते.

दुपारी मी त्याला फोन केला. बटणाचं सांगितलं, घराचंही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग "संध्याकाळी येतो" म्हणाला आणि फोन ठेवला. आवाज कसा होता ते मला ओळखता आलं नाही. काचवाले तेव्हापासून दाराजवळच्या स्टुलावर बसून आहेत. डॉक्टरीणबाईंनीही संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवला आहे आणि त्या इथेच बसल्या आहेत. सूनबाईला मी आतल्या खोलीत जा म्हटलं, ती गेली नाही.

कलम सातवे आणि शेवटचे. माझ्या मरणात आता माझ्या मुलाचा काही फायदा उरलेला नाही, हे सर्वांनी लक्षात घ्यावं, त्यानेही घ्यावं. यापुढे तो या घरी आलाच, तर आईलाच भेटायला आला असं मी धरून चालेन. तो कशाला आला, असं कोणी त्याला विचारायचं नाही.

बेल वाजली आहे. काचवाले उठून उभे राहिले आहेत. सूनबाई माझ्याकडे बघते आहे. मी तिला म्हटलं, "थांब, सही होऊ दे. मग मी उघडते."

सही: (मृत्युपत्र करणार)

आमच्यासमोर वाचून, समजून, न थरथरता सही केली:

साक्षीदार १: डॉक्टर. आज तपासले. बुद्धी शाबूत.
साक्षीदार २: काचवाले

ठिकाण: राहतं घर, कामाची खोली
दिनांक: बक्षीसपत्रावर आहे तोच

सही झाल्यानंतरची नोंद, माझ्याच अक्षरात: दार मी स्वतः उघडलं. तो एकटाच होता. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने विचारलं, "आत येऊ का?" या घरात शिरताना त्याने हे आजवर कधी विचारलं नव्हतं. मी ये म्हटलं.